वरून घेतलेलं मीठ

“बिनमिठाची मिळंल काय हो, मिसळ?”

आईनं हे इतक्या साधेपणानं विचारलं की बाबू मगदूमनं कटात बुडवलेला डाव तसाच धरून ठेवला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

“मावशी, म्हणजे मीठ कमी?”

“कमी न्हवं. अजिबात नको.”

“अहो, कट पहाटेच झालाय. मीठ मुरलंय त्यात. आता मी ते काढू कसं?”

“मग नुसती मटकी द्या.”

“मटकीतबी हाय.”

“फरसाण?”

बाबू कसंनुसं हसला. पावाचं तिनं विचारायच्या आधीच त्यानं मान हलवली. शेवटी तो आत गेला आणि मोड आलेली कच्ची मटकी, चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड असं एका बशीत घालून घेऊन आला. शेजारच्या टेबलावरची दोन माणसं खायचं थांबून बघत होती. आईनं चमच्यानं थोडी मटकी तोंडात टाकली, बराच वेळ चावली आणि मला म्हणाली, “ह्यात चिदूला काय आवडत असंल गं?”

चिदू म्हणजे चिदानंद, माझा धाकटा भाऊ. यंत्रमागाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात कामाला होता. संध्याकाळी दुकानातून घरी येताना एका टेम्पोनं त्याची मोटारसायकल उडवली. त्याला जाऊन तेव्हा महिनाही व्हायचा होता. मी सांगलीहून इचलकरंजीला आईपाशी राहायला आले होते, आणि आयुष्यात कधी हॉटेलची पायरी न चढलेल्या माझ्या आईला घेऊन हॉटेलं पालथी घालत होते.

कारण होतं गोदूआत्याचा प्रश्न.

आमच्यात माणूस गेलं की जवळच्यानं त्याच्या आवडीचा एखादा जिन्नस सोडायचा असतो. कुणी आंबा सोडतं, कुणी वांगं. हुशार माणसं फणस सोडतात, कारण आमच्या बाजारात तो वर्षातून चार दिवस दिसतो. चिदूच्या दहाव्याला घाटावर गोदूआत्यानं, म्हणजे आमच्या वडलांच्या, अण्णांच्या, बहिणीनं, आईला विचारलं, “वहिनी, पोरासाठी काय सोडणार? महिन्याच्या दिवशी पाणी सोडून सांगाय लागंल.”

सगळ्या बायका आईकडं बघायला लागल्या. आई म्हणाली, “त्याला काय आवडायचं ते मला ठाऊक न्हाई.”

पोराला काय आवडायचं हे आईला माहीत नाही, हे ऐकून बायका एकमेकींकडं बघतात तशा बघत राहिल्या.

पण आई खोटं बोलत नव्हती. चिदू घरी जेवायचा तो ताटाला तोंड दाखवल्यासारखा. त्याचं पोट बाहेर भरायचं. आमच्या गावात माग दिवसरात्र चालतात, त्यामुळं कुणाला ना कुणाला कायम भूक लागलेली असते, आणि ती भागवायला चारी दिशांची माणसं येऊन बसलेली. आमच्या घरातून बाहेर पडून डावीकडं वळलं की बाबू मगदूमची मिसळ, पुढं मारवाड्याची कचोरी, कोपऱ्यावर पैंचं उडपी हॉटेल, त्याच्या मागं रफिकभाईंची बिर्याणी, आणि सूत बाजाराच्या पलीकडं विजापूरकडच्या बायकांच्या भाकरीच्या खानावळी. ह्या सगळ्या ठिकाणी चिदूला नावानं ओळखायचे. मोठी माणसं देवळांतून जशी ओळखीची असतात, तसा तो हॉटेलांतून होता.

आता आईच्या मिठाचं सांगायला हवं.

आमच्या अण्णांना भाकरीवर मीठ भुरभुरून वर कच्चं तेल ओतून खायची सवय होती. कैरी असो, पेरू असो, काकडी असो, मीठ पाहिजेच. मग त्यांची किडनी बिघडली आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं. आईनं ठरवलं की त्यांना नाही तर घरात कुणालाच नाही. त्यांच्यासमोर बसून आपण चवीचं खायचं, हे तिला जमणारं नव्हतं. ताटात मीठ वाढायची जागा कोरी राहायला लागली. अण्णा गेले तेव्हाही घाटावर गोदूआत्यानं हाच प्रश्न विचारला होता, आणि तेव्हा आईला उत्तर पाठ होतं.

“मीठ,” ती म्हणाली होती.

आत्यासुद्धा दचकली. “वहिनी, एखादं फळबिळ सोडा की.”

“त्यांना फळ आवडायचं न्हाई.”

झालं. आईनं मीठ सोडलं म्हणजे स्वयंपाकानंच सोडलं. चव बघायची तर मीठ तिच्या जिभेला लागणार, म्हणून ती घालायचीच नाही. “ज्याला पायजे त्यानं वरून घ्या,” म्हणायची. पण वरून घेतलेलं मीठ भाजीत उतरत नाही. ते भाजीवर बसून राहतं, आपल्या घरी उतरलेल्या परक्या पाहुण्यासारखं. मी लग्न होऊन सांगलीला गेले होते, सुटले. चिदू राहिला.

तो बाहेर खायला लागला तशी आई त्याला टोमणे मारायला लागली. मी माहेरी आले की त्यांचं ठरलेलं चालायचं.

“आज कुठल्या सासूकडं जेवलास?”

“बिर्याणीवाल्या.”

“आणि मी दिलेला डबा?”

“कुत्र्यांना घातला. झकास वाढायला लागल्यात बघ.”

“मेल्या, मी कुत्र्यांसाठी पहाटं उठतो व्हय?” असं म्हणून ती हातातला कालथा उगारायची, आणि तो हसत हसत पळायचा. डबा रोज रिकामा यायचा, आतून विसळून. आई तो हातात घेऊन एकदा वास घ्यायची आणि घासायला टाकायची.

दहाव्यानंतर तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, “शैला, मला त्याच्या हाटेलांत ने.”

“कशाला?”

“तो काय खायचा ते खाऊन बघतो. त्यातलं त्याला काय जास्त आवडायचं ते इचारतो. मग तेच सोडतो.”

“नुसतं विचारून सोड की. खायला कशाला पाहिजे?”

“जे मी कधी तोंडात घातलं न्हाई, ते सोडून त्याला काय पोचणार?”

“आणि अण्णांचं मीठ?” मी विचारलं.

“ते बी हाय की.”

म्हणून ती बिनमिठाची मिसळ.

बाबू मगदूमनं आमच्याकडून काही घेतलं नाही. आईनं त्याला विचारलं, “चिदूला सगळ्यात जास्त काय आवडायचं हो?”

“मिसळ! अहो मावशी, माझ्यासमोर बोललाय तो, बाबू, तुझ्या हातासारखी मिसळ अख्ख्या जिल्ह्यात न्हाई.” त्यानं डाव पुन्हा कटात घातला आणि उगाचच ढवळत राहिला.

संध्याकाळी पैंच्या हॉटेलात गेलो. पै गल्ल्यावरून स्वतः उठून आले. आईनं इडलीचं विचारलं. त्यांनी पीठ आंबवताना मीठ घालावं लागतं हे समजावून सांगितलं. डोशाचं तेच. चटणीचं तेच.

“शिरा तर गोड असतोय,” आई म्हणाली.

पै प्रामाणिक माणूस. जरा घुटमळले आणि म्हणाले, “अम्मा, त्यातही चिमूटभर असतं. त्याशिवाय गोड कळत नाही.”

आईनं माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी मला कळलं की बाहेरच्या जगात सगळ्याच गोष्टींत मीठ आहे आणि माझी आई एवढी वर्षं एकटीच त्याच्याबाहेर राहिली आहे.

“कापीत?”

“कॉफीत नाही, अम्मा,” पै गंभीरपणे म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्यासमोर कॉफी ठेवली. आईनं ती बशीत ओतून प्यायली. “बरी हाय,” म्हणाली. मग विचारलं, “त्याला काय आवडायचं?”

“आमचा सेट डोसा. मला म्हणायचा, पै, असा डोसा उडपीतसुद्धा मिळत नसेल.”

“उडपीला कधी गेलावता मेला!” आई म्हणाली. चिदू गेल्यापासून तिच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू येताना मी बघितलं. आलं आणि लगेच गेलं. “लबाड. ज्याच्या त्याच्या तोंडावर त्याचं त्याचं गोड बोलत हिंडलाय.”

“पण अम्मा, तो इथं चारच्या चहाला यायचा,” पै म्हणाले. “दुपारी जेवायला निंगव्वाकडं जायचा. सूत बाजाराच्या मागं. तिथं विचारा.”

परत येताना आई रस्त्यात मध्येच थांबली. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तरी हलेना. मी तिला ओढून कडेला घेतलं.

“शैला,” ती म्हणाली, “मला ठाऊक हाय. त्याला माझ्या हातचं नको होतं. म्हणून तो दारोदार हिंडत होता.”

“आई, काहीतरीच काय बोलतेस.”

“तसं असंल तर तसं. मला तेवढं नक्की कळू दे. मग मी काय बी सोडीन. दुध्या सोडीन.” ती पदरानं कपाळ पुसत होती, पण डोळे कोरडेच होते. “त्या दिवशी मी डबा दिला न्हाई त्याला.”

हे मला माहीत नव्हतं.

“आदल्या राती परत कुत्र्याचंच बोलला. हसूनच बोलला. मला राग आला. सकाळी म्हणलं, आजपासनं डबा बंद, जा तुझ्या हाटेलांत. तो डबा ओट्यावरच राहिला. तो म्हणाला, बरं. आणि गेला.”

मी तिचा हात धरला. घर येईपर्यंत तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी निंगव्वाकडं निघायच्या आधी मी डबा भरला. आदला अख्खा दिवस आई कच्ची मटकी आणि कॉफीवर होती. आणखी एक दिवस उपाशी ठेवायची माझी तयारी नव्हती. तिनंच केलेली दोडक्याची बिनमिठाची भाजी आणि दोन भाकरी. घरात झाकण घट्ट बसणारा एकच डबा होता, कडेला पोचा आलेला. तोच घेतला. तो कुणाचा, हे दोघींनाही माहीत होतं.

निंगव्वाची खानावळ म्हणजे एक लांबट खोली, पत्र्याचं छप्पर, चुलीशी भाकरी थापणाऱ्या दोन बायका. निंगव्वा स्वतः आमच्या आईच्याच वयाची, कपाळभर भस्म, हातात हिरव्या बांगड्या. आम्ही कोपऱ्यात बसलो. मी डबा बाहेर काढून पाटावर ठेवला आणि म्हणाले, “मावशी, आईला बाहेरचं चालत नाही. मी ताट घेते, ती घरचं खाईल.”

निंगव्वा माझ्याकडं बघतच नव्हती. डब्याकडं बघत होती.

“ह्यो डबा कुनाचा म्हनायचा?”

मी झाकणावरचा हात काढून घेतला.

तिनं खाली बसून डबा हातात घेतला. पोचा आलेल्या कडेवरनं अंगठा फिरवला. “ह्यो चिदूचा डबा हाय.” मग तिनं आईकडं बघितलं. “तुमी आई व्हय त्याच्या?”

“व्हय.”

“यव्वा!” ती म्हणाली. “मला चार दिसांनी कळलं बगा. मातीला बी येता आलं न्हाई.” तिनं आईचा हात हातात घेतला आणि दोघी तशाच बसल्या. चुलीशी भाकरी थापायचा आवाज थांबला.

थोड्या वेळानं आईनंच विचारलं, “तो हितं काय खायचा?”

“काय खानार? ह्येच की.” निंगव्वानं डब्यावर टिचकी मारली. “रोज ह्योच डबा आनायचा. आला की म्हनायचा, मावशी, तवा ठिवा. मग ह्यातली भाजी आमी तव्यावर उलटी करायचो. गरम होताना वरनं मीठ टाकायचं आनि पान्याचा हबका मारून झाकन घालायचं. म्हनायचा, वरनं घेतलं तर मीठ भाजीत उतरत न्हाई, तुमी शिजवतानाच टाका. येकदा मी इचारलं, का रं, आई अळनी का करती? तर म्हनाला, आमच्या आण्णांसाठी.”

आईनं हात सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला.

“झाकन काढलं की पैला घास घ्यायचा आनि म्हनायचा, आता झाली बगा आईची भाजी. ल्हानपनी करायची तशी. दोडका आसला तर बोटं चाटायचा. तळ पुसून खायचा, डबा सोता इसळायचा. माझ्याकडची नुसती भाकरी घ्यायचा जादाची. मी म्हनायची, आरं खानावळीत यिऊन घरचं खातोस, तुला लाज हाय का? तर हसायचा.”

“कुत्र्यांना न्हाई घातलं?” आईनं विचारलं. फार हळू.

“कुनी, चिदूनं? डब्यातलं?” निंगव्वाला प्रश्नच कळला नाही. “आमच्या दारातली कुत्री वाट बगून बगून गेली ओ. येक घास न्हाई सोडला त्यानं.”

आईची मान खाली होती. मला पुढचं विचारायची भीती वाटत होती. पण तिनं ते विचारलंच.

“शेवटच्या दिशी...”

“त्या दिशी डबा न्हवता.” निंगव्वा थांबली. तिच्या लक्षात आलं असावं की इथं जपून पाऊल टाकायला हवं. पण ती ज्या सुरात बोलत होती त्याच सुरात बोलत राहिली, आणि त्याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे. “मी इचारलं, डबा? तर म्हनाला, मावशी, आज आई रुसलीया. आज तुमचं ताट वाढा. मी म्हनलं, आता रं? तर म्हनाला, रुसंना का. उद्या देतीया बगा.”

बाहेर हातगाडीवरून सुताच्या गाठी चालल्या होत्या. गाडीवाला लोकांना बाजूला व्हा म्हणून ओरडत होता. तो लांब जाईपर्यंत आम्ही तिघीही त्याचंच ऐकत असल्यासारख्या बसून होतो.

मग आईनं डब्याचं झाकण काढलं आणि डबा निंगव्वापुढं सरकवला.

“तवा ठिवा,” म्हणाली.

निंगव्वानं तो उचलला. चुलीशी गेली. भाजी तव्यावर पडल्याचा चर्र आवाज आला. कोनाड्यातल्या चिनी मातीच्या बरणीत तिनं बोटं घातली, मीठ घेतलं आणि आईकडं बघितलं. आईनं मान डोलावली.

मला राहवलं नाही. “आई, अण्णांचं मीठ...”

“त्यांना मी सांगीन काय सांगायचं ते,” आई म्हणाली. “त्यांनी कुठं सोडाय लावलंवतं. मीच शाणी.”

ताट समोर आलं. आईनं भाकरीचा तुकडा मोडला, दोडक्याची फोड त्यात धरली आणि तोंडात घातली. एवढ्या वर्षांनी तिच्या जिभेला मीठ लागलं होतं. तिचा चेहरा आधी आक्रसला, पहिल्यांदाच लिंबू चाखणाऱ्या तान्ह्या पोराचा आक्रसतो तसा. मग सैल झाला. ती चावत राहिली, आणि तोंडात घास असतानाच रडायला लागली. आवाज न करता. डोळ्यांतून पाणी हनुवटीवर यायचं, ती डाव्या हातानं पुसायची आणि उजव्या हातानं पुढचा घास घ्यायची. थांबली मात्र नाही. भाजी संपली तेव्हा तिनं भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ताट पुसून खाल्लं. मग उठली, मोरीवर गेली आणि डबा स्वतः विसळून आणला.

महिन्याच्या दिवशी आत्या आली. आणखी चार बायका आल्या. पूजा झाली, आणि आत्यानं पळीपंचपात्र पुढं केलं. “हं वहिनी. सांगा, काय सोडणार?”

“काय बी न्हाई,” आई म्हणाली.

“आता गं बया! असं कसं?”

“एक सोडलंवतं ते पुरं झालं. आधी जेवा.”

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी पानं मांडायला घेतली. आई सकाळपासून एकटी स्वयंपाकघरात होती, मला आत येऊ देत नव्हती. तिनं भात वाढला, आमटी वाढली, आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथं इतकी वर्षं काही नव्हतं, तिथं चिमूटभर मीठ वाढलं. आत्यानं ते बघितलं आणि तिचा वर आलेला प्रश्न परत खाली गेला.

आमटीचा पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. तिच्या हाताला मिठाचा अंदाज राहिला नव्हता. सगळ्या वर्षांचं मीठ तिनं एका पातेल्यात घातलं असावं. समोरच्या बायकांचे हात पानावर थांबले. आत्यानं तोंड उघडलं. मी हळूच तिचा गुडघा दाबला.

आई दारात उभी होती, पळी हातात, पदर खोचलेला. चिदू पोरसवदा होता, अण्णा धडधाकट होते आणि मी परकरात होते, तेव्हा रोज दुपारी ऐकलेला तो प्रश्न आमच्या घरात कितीतरी काळानंतर पुन्हा विचारला गेला.

“मीठ बरोबर हाय का गं?”

“बरोबर आहे,” मी म्हणाले, आणि आमटीसाठी वाटी पुढं केली.